हद्दवाढ भागातून महापालिकेवर हंडा मोर्चा: नोंदवहीपासून लेखी उत्तरापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या हद्दवाढ भागातली एक वसाहत. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, तेही रात्री दोनच्या पुढे, आणि शेवटच्या दोन गल्ल्यांत धार करंगळीएवढी. झोन कार्यालयात तीन अर्ज देऊन झाले, उत्तर नाही. आता दोनशेच्या आसपास माणसं, त्यातल्या बहुतेक विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या घरांतल्या बाया, महापालिकेवर हंडा मोर्चा काढायचं म्हणतात. परवानगी लागते का, गुन्हे दाखल होतील का, घोषणा देताना काय सांभाळायचं, आणि शांततेत गेलेल्या मोर्चाची कुणी दखल तरी घेतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर पटलं नाही तर पुढची खटपट कुणी मन लावून करत नाही.

पाण्यासाठीचा आपला सगळ्यात मोठा सत्याग्रह महाडचा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्येच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सगळं होतं, ओंजळीत पाणी तेवढं नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर लोकांना मारहाण झाली, तरी बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही. डिसेंबरात पुन्हा जायचं ठरलं तेव्हा न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आडवा आला. तो पाळला आणि खटला लढवला. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये बाजूने लागला. मागणीच्या पाठीशी आधीच मंजूर झालेला ठराव होता, कृती एकच आणि लहान मुलालाही कळेल अशी होती, आणि कागदाचा पाठपुरावा दहा वर्षं सुटला नाही. तुमच्या वसाहतीच्या मोर्चालाही याच तीन गोष्टी लागतील.

सोलापूरच्या स्वतःच्या इतिहासातही आंदोलन आखणाऱ्याने बघावं असं बरंच आहे. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३० रोजी रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडं तोडण्यावरून गोळीबार झाला, शंकर शिवदारे मारले गेले. जमावाचा संताप अनावर झाला, पोलीस मारले गेले, चौकी आणि न्यायालय जळालं. इंग्रज सरकारला शहर लष्कराच्या ताब्यात द्यायला तेवढं निमित्त पुरलं आणि मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापासून मोर्चा काढणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम डोळ्यांपुढे ठेवावा. गोळीबार सरकारने केला होता, तरी पुढचे कित्येक आठवडे चर्चा जाळपोळीचीच राहिली. उलट मार्शल लॉमध्ये डोक्यावर गांधी टोपी ठेवणं किंवा हातात तिरंगा धरणं एवढ्या साध्या कृतीने सरकार अडचणीत येत होतं, कारण त्याबद्दल शिक्षा दिली की सरकारचंच हसं व्हायचं.

अलीकडचं उदाहरण हवं तर कुंभारीला जाऊन या. विडी कामगार बायांनी कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं मोर्चे काढले, धरणी दिली, दिल्लीपर्यंत कागद नेले. २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं उभी राहिली. पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा मिळाला. यातलं काहीही एका मोर्चात झालेलं नाही. मोर्चा हा मधला टप्पा असतो. त्याच्या आधी पुरावा लागतो, नंतर पाठपुरावा. बहुतेक वसाहती फक्त मधला टप्पा करतात आणि मग शांततेने काही होत नाही म्हणतात.

आता पुरावा. आज तुमच्या हातात तक्रार आहे, आकडा नाही. "पाणी कमी येतं" याला अधिकारी "बघतो" एवढंच उत्तर देऊ शकतो. म्हणून मोर्चाची तारीख ठरवायच्या आधी महिनाभर नोंद ठेवा. दहा नळ निवडा: तीन व्हॉल्व्हजवळचे, तीन मधल्या गल्लीतले, चार शेवटचे. पाणी आलं की वहीत तारीख, सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, आणि १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागले ते लिहायचं. मोबाइलवर फोटो काढला की वेळ आपोआप नोंदली जाते. पाच दिवसांआड पाणी असेल तर महिन्यात सहा पाळ्या मिळतात आणि तेवढ्या पुरतात.

मग हिशोब मांडा. समजा शेवटच्या गल्लीत बादलीला ९० सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला १० लिटर. नळ दोन तास चालला तर १,२०० लिटर. पाच माणसांच्या घराला ते पाच दिवस पुरवायचं, म्हणजे माणशी रोज ४८ लिटर. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी केंद्राच्या मार्गदर्शक पुस्तिकेत माणशी रोज १३५ लिटरचा दर धरलेला आहे. हे दोन आकडे एका फलकावर शेजारीशेजारी लिहिले की भाषणाची निम्मी गरज संपते.

याच नोंदीतून एक अवघड गोष्टही बाहेर येईल, ती आधीच सोडवा. व्हॉल्व्हजवळच्या घरांत धार जोरात आणि शेवटी करंगळीएवढी असेल, तर मधल्या घरांनी नळाला थेट मोटारी लावलेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. शिष्टमंडळ आत गेलं की अभियंता पहिलं वाक्य हेच टाकणार. निदान पुढे चालणाऱ्या वीस घरांनी तरी मोटारी काढून ठेवा, आणि "आमच्या भागात मोटारी आहेत, कारवाई करा, आमचा पाठिंबा आहे" असं निवेदनात स्वतःहून लिहा. समोरच्याच्या हातातला दगड आपणच काढून घेतल्यासारखं होतं.

नोंद चालू असतानाच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. सार्वजनिक आरोग्य अभियंता कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. पसारा केला तर तेवढ्यावर परत येतो. तुमच्या जलकुंभातून कोणत्या भागाला कोणत्या तारखेला किती ते किती पाणी सोडलं, त्या नोंदवहीची गेल्या तीन महिन्यांची प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर वीस रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील. चावीवाल्याची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कर्मचाऱ्याची, वही आणि तुमची वही शेजारी ठेवल्यावर जो फरक दिसेल तोच तुमचा मुद्दा. (हा कायदाही धरण्यांतूनच आलेला आहे. राजस्थानात ब्यावरला मजूर-शेतकऱ्यांनी १९९६ मध्ये चाळीस दिवस धरणं दिलं, देशभर चळवळ चालली, आणि २००५ मध्ये कायदा झाला.)

मागणी एकच ठेवा, आणि ती देणं ज्याच्या हातात आहे त्याच्याकडेच मागा. "रोज पाणी द्या" हे आयुक्त उद्या सकाळी देऊ शकत नाहीत. उजनीहून येणारं पाणी, पंपिंग, टाक्या सगळं त्यात येतं. पण "आमच्या गल्ल्यांची वेळ रात्री दोनऐवजी पहाटे पाच करा, शेवटच्या दोन गल्ल्यांसाठी वेगळा व्हॉल्व्ह बसवा, आणि वेळापत्रक फलकावर लावा" हे खात्याच्या अखत्यारीतलं आहे. रस्ता, गटार, दिवाबत्ती त्याच निवेदनात घुसवू नका. अकरा मागण्यांच्या निवेदनातली सगळ्यात सोपी मागणी मान्य होते आणि फोटो छापून विषय मिटतो.

परवानगीबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतो घटनेनेच हक्क दिला आहे, परवानगी कशाला? दुसरा म्हणतो पोलीस नाही म्हणाले की संपलं. दोन्ही अर्धवट. घटनेच्या कलम १९ ने बोलण्याचा आणि शांततेने, विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याच कलमाने त्यावर वाजवी बंधनं घालण्याची मुभाही दिली आहे. पोलिसांना वेळ, जागा, मार्ग नियंत्रित करता येतो. सरसकट, कारण न देता बोलणंच बंद करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हिंमतलाल शहा प्रकरणात १९७२ मध्ये आणि पुढेही सांगितलं आहे. त्याचबरोबर दिल्लीतल्या शाहीन बाग धरण्याच्या निकालात २०२० मध्ये असंही म्हटलं आहे, की सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवून बसता येणार नाही.

सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालय आहे आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे आदेश सणवार, यात्रा, निवडणुका यांच्या निमित्ताने निघत असतात. त्यातली जमाव आणि मिरवणुकीवरची मनाई सरकारच्या मंजुरीशिवाय एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. आदेशाची प्रत मिळवून वाचा. जमाव आणि मिरवणुकीवरच्या मनाईत पूर्वपरवानगी घेतलेल्यांना सहसा सूट असते. काठ्या, लाठ्या बाळगणं आणि पुतळे मिरवणं यावरची मनाई ३७(१) मध्ये येते, म्हणून फलक बांबूला लावू नका. कापडी फलकाला वर-खाली दोरी ओवा आणि दोघींनी हातात धरा. बांबू हातात असला की चौकात पहिल्यांदा बांबूच जप्त होतो आणि झटापट तिथेच सुरू होते. प्रतीकात्मक पुतळ्याचं दहनही वगळा. रिकामा हंडा पुरेसा बोलतो.

अर्ज सात-आठ दिवस आधी द्या. मोर्चाची सुरुवात आणि शेवट कोणत्या ठाण्याच्या हद्दीत, फौजदार चावडी की सदर बझार, हे विचारून घ्या. हद्दी दोन असतील तर दोन्हीकडे, आणि प्रत आयुक्तालयाच्या विशेष शाखेला. अर्जात चार-पाच आयोजकांची नावं आणि फोन, तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, स्वयंसेवक किती, गाड्या कुठे लावणार, शिष्टमंडळात कोण, एवढं हवं. संख्या फुगवू नका. दोनशेच्या जागी दोन हजार लिहिलं तर नकाराचं कारण तुम्हीच पुरवता, आणि प्रत्यक्षात दोनशे आले की मोर्चा फसल्याची बातमी होते. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी मागावी लागते. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र घोषित केलेलं असेल, तर तिथे भोंगा बंद.

प्रत्येक कागदावर आवक शिक्का आणि तारीख घ्या. उत्तरच आलं नाही तर दोन दिवस आधी स्मरणपत्र द्या. तोंडी "नको काढू" आलं तर नम्रपणे लेखी मागा, कारणांसह. लेखी नकार न्यायालयात तपासता येतो, तोंडी नकाराचं काहीच करता येत नाही. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे, त्यामुळे आता मुंबई गाठावी लागत नाही.

मोर्चाच्या आदल्या दिवशी आयोजकांना पोलिसांची नोटीस येते. पूर्वी तिला १४९ ची नोटीस म्हणत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८. घरातली माणसं घाबरतात. ती नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे, पूर्वसूचना आहे. नाकारू नका. तारीख-वेळ टाकून घ्या आणि "मोर्चा शांततेत, ठरलेल्या मार्गाने होईल" असं लेखी उत्तर द्या. पुढे कुणी दगड मारलाच, तर तुमची भूमिका आधीपासून काय होती याचा तो कागद पुरावा ठरतो.

ताब्यात घेतलं तर बहुतेक वेळा पोलीस कायद्याच्या कलम ६८ खाली घेतात आणि संध्याकाळपर्यंत सोडतात. गाडीत शांतपणे बसा. अटक झाली तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं, वकील भेटू देणं आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेणं बंधनकारक आहे. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत बाईला अटक करता येत नाही, आणि अपवादातही महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. प्रत्येकीच्या हातावर वकिलाचा फोन नंबर पेनाने लिहून ठेवा. मोबाइल काढून घेतल्यावर पाठ असलेला नंबरही आठवत नाही.

घोषणांवर जास्त वेळ द्या. सोलापूरच्या मोर्चात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी सगळ्या बोलणाऱ्या बाया असतात. मराठीत बेतलेली घोषणा ऐनवेळी कुणी तेलुगूत फिरवली की अर्थ कुठल्या कुठे जातो, आणि त्याची अर्धीच चित्रफीत फिरते. म्हणून आठ-दहा घोषणा चारही भाषांत लिहून घ्या, घोषणा देणाऱ्या चार बाया ठरवा, आणि कागदाबाहेरची घोषणा कुणी द्यायची नाही हे निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर सांगा. जात, धर्म, भाषा यांचा उल्लेख एकाही घोषणेत नको. अमक्या पेठेला पाणी जास्त आणि आम्हाला कमी, हेही नको. लढा पाण्याच्या वेळापत्रकाचा आहे, शेजाऱ्याशी नाही.

माणसावर न बोलता कामावर बोला. "साहेबांनी पैसे खाल्ले" म्हणायला पुरावा नसेल तर ती बदनामी ठरू शकते. "या कामाचं बिल निघालं, पाइप कुठे आहे?" हे कागद हातात धरून म्हणता येतं आणि टोचतंही जास्त. "बघून घेऊ", "घरात घुसू" या शब्दांवर धमकीचा गुन्हा लागतो. मोर्चाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही हेच नियम. आदल्या रात्रीपासून ग्रुपवर फक्त आयोजकांनाच लिहिता येईल अशी सोय करा. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर त्यांनी सही करण्यापूर्वी वर्तणुकीचे नियम बघावेत. त्यांना पुढे उभं करू नका.

एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला हवी. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आली की आपल्याकडे आत्मदहनाच्या इशाऱ्यांची पत्रं दिली जातात. हे करू नका, कुणाला करू देऊ नका. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२६ खाली गुन्हा आहे. पण खरं कारण त्याहून मोठं आहे. इशारा म्हणून ओतलेलं रॉकेल एका ठिणगीने पेटतं, आणि पाण्याच्या मागणीसाठी कुणाची आई जाता कामा नये. उपोषण करायचंच असेल तर साखळी उपोषण करा, रोज नवे पाच जण. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर बायांना बसवू नका.

पाण्याचे मोर्चे उन्हाळ्यात निघतात आणि सोलापूरचं ऊन चाळिशीच्या वर जातं. सकाळी साडेदहा ते साडेबारा ही वेळ धरा. अधिकारी भेटतात आणि दुपारचा चटका टळतो. दर तासाला माणशी अर्धा लिटर धरलं तर दोनशे लोकांना दोन तासांत २०० लिटर, म्हणजे वीस लिटरचे दहा जार. ओआरएसची पाकिटं आणि सावलीची जागा आधी बघून ठेवा. पंधरा-वीस माणसांमागे एक स्वयंसेवक, म्हणजे दहा-बारा. दोन पुढे, दोन सगळ्यात मागे, बाकी रस्त्याच्या बाजूने. तिघींची रांग, रस्त्याची डावी बाजू, उजवीकडून वाहनं चालू. रुग्णवाहिका आली तर कोण शिट्टी वाजवणार आणि रांग कुठे सरकणार, हे निघण्यापूर्वी एकदा करून बघा. चित्रीकरण दोन मोबाइलवर, न थांबवता, न कापता. मूळ फाइल त्याच फोनमध्ये ठेवा. न्यायालयात दाखवायची वेळ आली तर तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि फोन कुणाचा हे सांगावं लागतं.

बिघडतं ते बहुतेक शेवटच्या अर्ध्या तासात. शिष्टमंडळ आत जातं, त्यात सगळे समजूतदार लोक असतात. बाहेर उन्हात दीडशे माणसं, नेता नाही, भोंगा बंद, आतलं काही कळत नाही. कुणी तरी म्हणतं "गेट बंद करा", कुणी हंडा आपटतो, कुणी रस्त्यावर बसतो. म्हणून तुमच्यातली ज्या बाईचं सगळे ऐकतात तिला आत नेऊ नका, बाहेर ठेवा. आतून दर दहा मिनिटांनी एक माणूस येऊन काय चाललंय ते सांगेल असं ठरवा. अधिकाऱ्याच्या खोलीला कुलूप घालणं, अंगावर गढूळ पाणी ओतणं, टेबलावर हंडे फोडणं यांनी टीव्हीवर दिसाल, पण अधिकाऱ्याच्या अंगाला हात लागला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, ते अजामीनपात्र आहे. त्यापेक्षा मोठं नुकसान असं, की दुसऱ्या दिवशी कर्मचारी काळ्या फिती लावतात आणि शहर पाण्याऐवजी अधिकाऱ्याच्या अपमानावर बोलतं. तुमचा अठ्ठेचाळीस लिटरचा आकडा कुणाला आठवत नाही.

राजकीय पुढारी येतील. येऊ द्या, पाठिंबा घ्या, पण माइक ठरलेल्या बायांकडेच राहू द्या आणि फलकावर कुणाचा फोटो नको. निवडणूक झाली की पक्षाचा मोर्चा संपतो, वसाहतीची तहान राहते.

आत पाचच जण जा, त्यात निदान तिघी बाया, आणि एकाने फक्त लिहायचं. "आठ दिवसांत बघतो" या तोंडी वाक्यावर उठू नका. चर्चेचा लेखी सारांश मागा: काय करणार, कोणत्या अधिकाऱ्याकडे जबाबदारी, कोणत्या तारखेपर्यंत. पत्र देण्यात अडचण आहे म्हणाले तर तुम्हीच जागेवर लिहा, "आज झालेल्या चर्चेत आपण पुढीलप्रमाणे सांगितले", आणि आवक शिक्का घेऊन बाहेर या. ते पत्र बाहेर चारही भाषांत वाचून दाखवा, संपल्याचं जाहीर करा आणि अर्जात लिहिलेल्या वेळेला जागा रिकामी करा, पाण्याच्या पिशव्या उचलून.

त्यानंतरही दहा नळांची नोंद थांबवू नका. दिलेल्या तारखेच्या आठ दिवस आधी आठवणपत्र, तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी आकड्यांसह पत्र आणि त्याची प्रत पोलीस ठाण्याला, म्हणजे पुढच्या मोर्चाच्या अर्जाला तेच पहिलं जोडपत्र होतं. वेळ बदलली, धार वाढली, तर तेही वहीत लिहा आणि त्या अभियंत्याला व चावीवाल्याला तसं पत्राने कळवा. नंतर उन्हाळ्यात वेळ पुन्हा रात्री दोनवर गेली, तर कधीपासून गेली हे तुमच्या वहीत तारखेनिशी असेल.